पिवळं लेबल, काळा स्पायडरमॅन आणि डोंबिवलीचा पावसाळा

प्रश्न थोडक्यात : पत्रलेखक डोंबिवलीचे, वय ४१. त्यांचे मामा न्यू जर्सीत एडिसनला राहायचे, गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्रात भाच्यासाठी एकच वस्तू होती : ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’चा ३०० वा अंक. कडक प्लॅस्टिकच्या केसमध्ये बंद, वर कॉमिक्स तपासणाऱ्या सीजीसी कंपनीचं पिवळं लेबल, त्यावर ९.४ हा आकडा, आणि मुखपृष्ठावर स्पायडरमॅनच्या जनकांपैकी एक, स्टॅन ली यांची सही. अंक सध्या मामेभावाकडे आहे. डिसेंबरमध्ये येताना घेऊन येतो, असं तो म्हणतो. पत्नीचं म्हणणं, तिकडेच विकून गृहकर्जात पैसे भरावेत. पत्रलेखकांना तो हॉलच्या भिंतीवर लावायचा आहे. ओळखीच्या एका संग्राहकाने तिसरंच सुचवलं : केस फोडा, चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांचीही सही घ्या, किंमत दुप्पट होईल. मामा नेहमी म्हणायचे, “याची किंमत कधी खाली येत नाही.” आता सही खरी आहे का आणि कोणाचं ऐकावं, असा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रात तीन सल्ले आहेत आणि देणाऱ्यांपैकी एकानेही अंक नीट पाहिलेला नाही. तुम्हीही फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो पाहिलाय. त्यामुळे विकायचं की टांगायचं हे नंतर. आधी वस्तू काय आहे ते बघू.

तुमची मुख्य शंका सहीबद्दल आहे आणि मनाच्या समाधानासाठी तुम्ही ९.४ या आकड्याकडे बोट दाखवताय. त्या आकड्याचा सहीशी काही संबंध नाही. तो कागदाचा गुण आहे. सीजीसी ही फ्लोरिडातली कंपनी २००० सालापासून कॉमिक्स तपासून ०.५ ते १०.० असे गुण देते आणि अंक प्लॅस्टिकच्या केसमध्ये सीलबंद करते. संग्राहक या केसला ‘स्लॅब’ म्हणतात. ९.४ म्हणजे अंक फार उत्तम, पण निर्दोष नाही. कण्यावर, म्हणजे पिना असतात त्या घडीवर, शाई तडकून दोन-चार पांढऱ्या रेघा उमटल्या असतील, एखादा कोपरा किंचित बोथट असेल. बाजारात ज्याच्यासाठी झुंबड उडते तो गुण ९.८, आणि तुमचा अंक त्याच्या दोन पायऱ्या खाली आहे.

सहीबद्दल बोलतो तो लेबलचा रंग. निळं लेबल म्हणजे साधा अंक, सहीविना. पिवळं म्हणजे कंपनीने नेमलेल्या साक्षीदारासमोर सही झाली आणि तिथून तपासणीपर्यंत अंक मालकाच्या हातात परत गेला नाही. सही कोणाची आणि कोणत्या तारखेची, हे लेबलवरच छापलेलं असतं. हिरवं लेबल आलं तर सावध व्हायचं. सही आहे, पण करताना कोणी पाहिलं नाही, अशा अंकाला सहसा ते मिळतं, आणि लेबलवर मुखपृष्ठावर मार्करने नाव लिहिलंय एवढीच कोरडी नोंद असते. जांभळं लेबल म्हणजे अंकाची डागडुजी झालीय : रंग भरलाय, फाटलेलं चिकटवलंय. तेव्हा तुमचं लेबल खरंच पिवळं असेल तर सहीचा प्रश्न जवळजवळ सुटला. स्टॅन ली १२ नोव्हेंबर २०१८ रोजी गेले. त्यांच्या नावाच्या खोट्या सह्यांना बाजारात तोटा नाही, म्हणून साक्षीदाराची ही साखळी मोलाची.

‘जवळजवळ’ म्हटलं, कारण लेबल खरं असून आतला अंक भलताच निघू शकतो. केस बदलून घेण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन चांगल्या गुणाच्या लेबलमागे कमी प्रतीचे अंक सरकवल्याचा प्रकार २०२३ च्या शेवटी उघड झाला होता, आणि संशयित प्रमाणपत्र क्रमांकांची यादी कंपनीने स्वतः जाहीर केली होती. घाबरू नका, पण अर्धा तास खर्च करा. मामेभावाला हे करायला सांगा :

लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकायचा. तिथे येणारं शीर्षक, गुण, कागदाचा दर्जा, लेबलचा प्रकार आणि सहीचा तपशील लेबलशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मग खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबललॅम्प एका बाजूने, जवळजवळ आडवा धरायचा आणि स्लॅब हळूहळू तिरका करत बघायचा. केसच्या चारही कडांवर पांढरट ताण, चीर, गोंदाचा थेंब किंवा पुन्हा चिकटवल्याची रेघ दिसते का? आतला अंक केसमध्ये सरकतो का? कोपरे ९.४ ला शोभतात का? पृष्ठभागावर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी कडी दिसली तर दचकू नका. प्लॅस्टिकचे दोन थर एकमेकांना टेकले की ती दिसतात, अंकाला काही झालेलं नसतं. शेवटी मुखपृष्ठावरच्या बारकोडच्या चौकटीचा जवळून फोटो हवा. तिथे खरा बारकोड असेल तर प्रत वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली गेलेली, त्याऐवजी चित्र असेल तर कॉमिक्सच्या दुकानातली. स्टॉलवरच्या प्रती लोकांनी चाळून चाळून खराब केल्या, त्यामुळे वरच्या गुणाच्या त्या कमी सापडतात आणि थोडा जास्त भाव खातात.

आता मामांचं वाक्य : किंमत कधी खाली येत नाही. मामांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, येते. २०२०-२१ मध्ये लोक घरात अडकले होते, हातात पैसा होता, तेव्हा या अंकासकट बहुतेक प्रसिद्ध अंकांचे भाव भडकले, आणि २०२२ पासून ते बरेच उतरले. शिवाय हा अंक दुर्मिळ नाही. मे १९८८ चा हा अंक मालिकेच्या पंचविशीचा म्हणून गाजावाजा करून काढलेला. व्हेनम या गाजलेल्या खलनायकाचं पहिलं पूर्ण दर्शन यात आहे, म्हणून लोकांनी तो तेव्हापासूनच जपून ठेवला. सगळ्यांनी जपलेली वस्तू दुर्मिळ होत नाही. सीजीसीनेच आजवर त्याच्या हजारो प्रती प्रमाणित केल्यात. त्याला मागणी कायम आहे हे खरं, आणि त्यामुळे तो विकायला सोपा आहे हेही खरं. पण मागणी असणं वेगळं आणि दरवर्षी भाव चढणं वेगळं. मुदत ठेवीसारखा तो मोजू नका.

किंमत बघताना तुम्ही इबेवर लोकांनी लावलेले भाव पाहिलेत, असं पत्रावरून दिसतं. ते भाव नसतात, अपेक्षा असतात. तिथेच ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ दाखवण्याची सोय आहे, ती लावा. मग गेल्या तीन महिन्यांतल्या ९.४, पिवळं लेबल, फक्त स्टॅन ली यांची सही, अशा सहा-आठ विक्री शोधा. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. ९.८ ची किंमत बघून मधला आकडा मनाने ठरवू नका. वरच्या दोन पायऱ्यांत किंमत गुणाच्या प्रमाणात वाढत नाही, एकदम उडी घेते. आलेल्या सरासरीतून खर्च वजा करा. समजा हिशेबाला सोपा म्हणून आकडा १००० डॉलर धरला. तेरा टक्के कमिशन गेलं, १३०. विमा आणि पॅकिंगसह पाठवणी ४०. हातात ८३०. गृहकर्जाचं गणित पत्नीने या शेवटच्या आकड्यावर करावं, पहिल्या नव्हे.

दुसऱ्या सहीच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे आणि एक मोठा खड्डा आहे. तथ्य असं की ३०० व्या अंकावर सर्वांत शोभेल ती सही मॅकफार्लेन यांचीच. अंक लिहिला डेव्हिड मिशेलिनी यांनी, काढला मॅकफार्लेन यांनी. स्टॅन ली यांचं नातं स्पायडरमॅनशी आहे, १९६२ पासूनचं, पण या अंकातल्या एकाही पानाशी नाही. (ज्या काळ्या पोशाखातून पुढे व्हेनम उभा राहिला, त्याची मूळ कल्पना तर एका वाचकाची. प्रकाशक मार्व्हलने ती २२० डॉलरला विकत घेतली होती!) शिवाय स्टॅन ली यांनी उतारवयात कॉमिक्सच्या संमेलनांमधून भरपूर सह्या केल्या. त्या आता नव्याने होणार नाहीत, पण ज्या आहेत त्या कमी नाहीत.

खड्डा ‘केस फोडा’ या दोन शब्दांत आहे. घरी तुम्ही स्वतः स्लॅब फोडलात की त्याच क्षणी साक्षीदाराची साखळी तुटते. पिवळं लेबल गेलं. स्टॅन ली यांची खरी सहीही मग ‘कोणी पाहिली नाही’ या रांगेत जाऊन बसते, आणि ती पुन्हा साक्षीने करून द्यायला ते आता नाहीत. नवी सही घ्यायचीच तर अंक सीलबंदच पाठवायचा. कंपनी किंवा तिचा नेमलेला साक्षीदारच तो उघडतो, चित्रकाराची सही समोर घेतो आणि अंक पुन्हा तपासायला जातो. या पुन्हा तपासणीत गुण तोच राहील अशी हमी कोणी देत नाही, आणि ९.४ चा ९.२ झाला तर सहीने मिळवलेलं तिथे गळतं. सहीचं शुल्क, तपासणीचं शुल्क, दोन वेळची पाठवणी आणि काही महिन्यांची वाट, हे सगळं मांडून बघा. दोन सह्यांच्या ९.४ प्रती कितीला विकल्या गेल्यात तेही त्याच पद्धतीने शोधा. फरक या खर्चापेक्षा स्पष्टपणे जास्त दिसला तरच पुढे जा. नाहीतर ‘दुप्पट’ हा शब्द त्या संग्राहकाच्या खिशातला आहे, तुमच्या नव्हे.

भिंतीबद्दल माझं मत ठाम आहे : लावू नका. सही बहुधा साध्या मार्करची आहे आणि अशी शाई प्रकाशाने उडते. अतिनील किरण अडवणारी काच थोडा वेळ विकत देते, पण दिसणारा उजेडही शाई खातोच, आणि डोंबिवलीच्या हॉलमध्ये दिवसा खिडकी असते, रात्री ट्यूब. मुखपृष्ठाचा चांगला स्कॅन करून मूळ आकारात छापा आणि फ्रेम करून लावा. पाहुण्याला सोफ्यावरून फरक कळणार नाही, आणि कोणाला खरा बघायचा असला तर कपाटातून काढून दाखवण्याची मजा वेगळीच.

कपाट म्हटलं की पावसाळा आलाच. स्लॅब हवाबंद असतो हा सर्रास गैरसमज आहे. तो धूळ, बोटं आणि दुमडणं यांपासून वाचवतो. आर्द्रता हळूहळू आत जाते. १९८८ चा अंक वर्तमानपत्री जातीच्या आम्लयुक्त कागदावर छापलेला आहे, आणि उष्ण, दमट हवेत तो लवकर पिवळा पडतो. पण त्याच्याही आधी पिना बोलतात : कण्यावर दोन ठिपके तांबूस दिसायला लागले की गंज सुरू झालाय असं समजा. पुढे कागद लहरतो, तपकिरी डाग धरतात. कागदाला हवी असते साधारण २० अंशांच्या आसपासची थंड हवा आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता. जुलैत आपल्याकडे आर्द्रता ८५ च्या पुढे असते.

यावर उपाय महाग नाही. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा तीसेक लिटरचा डबा घ्या. स्लॅब साधारण ८ बाय १३ इंचांचा असतो, तो त्यात उभा राहिला पाहिजे. आडव्या थप्पीत खालच्यावर वजन येतं. सोबत काही शे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक आणि १०० ग्रॅम सिलिका जेल, सच्छिद्र पिशवीत. लोक किलोभर जेल ओततात, त्याची गरज नाही. तीस लिटर हवेत, ३० अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेला, जेमतेम पाऊण ग्रॅम पाणी असतं. ५० टक्क्यांवर यायला त्यातलं अर्धा ग्रॅमही काढावं लागत नाही. जेल दमतं ते डबा वारंवार उघडल्यामुळे. काटा ३५ च्या खाली गेला तर जेल निम्मं करा, कारण अति कोरडा कागदही ठिसूळ होतो. जेलचे नारिंगी दाणे हिरवट पडले की ओव्हनमध्ये ११० अंशांना दोन तास तापवून, गार करून परत ठेवा. घरात कॅमेऱ्याचं विजेवरचं कोरडं कपाट असेल तर तेच ४५ वर लावा, वेगळं काही नको. डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, तिथेच ओल येते. आणि डांबरगोळ्या अजिबात नकोत. त्यांची वाफ काही जातींच्या प्लॅस्टिकला मऊ करते, पृष्ठभाग धुरकट होतो.

ज्यांच्याकडे स्लॅब नाही पण माळ्यावर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा आहे, अशा वाचकांनाही हीच हवा लागू. सुटे अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवा. बाजारातली मऊ प्लॅस्टिकची पिशवी काही वर्षांत चिकट होते. फाटलेल्या वेताळाला सेलोटेप लावू नका, तिचा गोंद कागदात उतरून कायमचा पिवळा पट्टा राहतो. आणि कितीही मोह झाला तरी लॅमिनेशन करून आणू नका. तो अंक मग कायमचा प्लॅस्टिकचा झाला.

आता पत्नीचं म्हणणं. तुम्ही ते ‘व्यवहारी’ म्हणून थोडं बाजूला सारलंय, पण त्यात तुम्हाला न दिसलेला एक मुद्दा आहे : या अंकाची बाजारपेठ अमेरिकेत आहे. डोंबिवलीत आणल्यावर पुढेमागे विकायचा ठरला तर तो परत तिकडेच पाठवावा लागेल, म्हणजे दोनदा प्रवास, दोनदा जोखीम आणि दोन देशांचे सीमाशुल्काचे प्रश्न. म्हणून विकण्याची शक्यता वीस टक्के जरी असली तरी डिसेंबरमध्ये आणू नका. वर्षभर मामेभावाकडेच राहू द्या. मात्र बेसमेंटमध्ये नको, तिथे उन्हाळ्यात ओल असते. अ‍ॅटिकमध्येही नको, तिथे भट्टी होते. झोपायच्या खोलीतलं आतलं कपाट उत्तम.

विकायचं ठरलं तर ९.४ च्या अंकासाठी मोठ्या लिलावगृहाच्या खास लिलावाची वाट बघायची गरज नाही. त्यांच्या नियमित ऑनलाइन विक्रीत किंवा इबेवर तो सहज जातो. पण मामेभावाच्या खात्यावरून विकलात तर रक्कम त्याच्या करविषयक कागदांवर उमटेल, हे आधीच बोलून घ्या. नंतर बोललं की नात्यात खडा पडतो. मामा गेले त्या सुमाराच्या विक्रीच्या किमती छापून ठेवा, तिकडच्या हिशेबात वारशाची मूळ किंमत सहसा त्या दिवशीची धरतात. इकडे रक्कम आणण्याआधी सीएला विचारा, कारण घरगुती वस्तू आणि कलावस्तू यांना आपल्याकडे एकच नियम नाही.

ठेवायचाच ठरला आणि अंक इकडे आणायचा झाला तर तो केबिन बॅगेत आणावा. चेक-इनच्या बॅगेत आपटून केस तडकू शकतो, शिवाय हादऱ्यांनी अंक आतल्या आत सरकून कोपरे दुमडू शकतात. क्ष-किरणांनी कागदाला किंवा शाईला काही होत नाही. स्लॅब मऊ पिशवीत, मग दोन्ही बाजूंना त्याच्याहून मोठे नालीदार पुठ्ठे, मग बबल रॅप. चिकटपट्टी थेट केसवर नको. मृत्युपत्राची प्रत आणि किमतीचा कागद सोबत ठेवायला सांगा आणि विमानतळावर वस्तू जाहीर करायला लावा. ‘जुनं कॉमिक आहे हो’ हे उत्तर पिवळ्या लेबलसमोर टिकत नाही.

तुम्हा दोघांना वाद घालायला वर्षभराचा वेळ मिळाला, तेवढ्यात एक काम मात्र लगेच करा. लेबलवर सहीची तारीख आहे. ती मामींना सांगा आणि त्या दिवशीचं काही सापडतं का विचारा : संमेलनाचं तिकीट, सहीच्या शुल्काची पावती, रांगेतला एखादा फोटो. अंक विकताना असे कागद घेणाऱ्याला आवडतात, ठेवताना ते डब्यात अंकाशेजारी राहतात. घर आवरताना असली चिठोरी सगळ्यात आधी रद्दीत जातात, तेव्हा फोन आजच करा. एडिसनला सकाळ व्हायची तेवढी वाट बघा.